शिवडी ते चिर्ले : एका रस्त्याची साठ वर्षे

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी नागोठणे सोडते आणि पुढे निडी नावाच्या एका लहानशा स्थानकावरून जाते. फलाट आखूड, आजूबाजूला भाताची खाचरे आणि पलीकडे डोंगरांची रांग. या फलाटावर उभा असलेला माणूस मुंबईपासून किती दूर आहे, असा प्रश्न मी आपणांस केला तर आपल्यापैकी कोणी किलोमीटर सांगेल, कोणी तास सांगेल. किलोमीटर सांगणारा नकाशा पाहून बोलतो आणि तास सांगणारा अनुभवाने बोलतो. आजच्या व्याख्यानाचा विषय या दुसऱ्या मापाचा आहे. पेण-रोह्याचा प्रदेश मुंबईच्या इतका समोर असून इतका दूर का राहिला, तो जवळ आणण्याची कल्पना कोणास आणि केव्हा सुचली, ती प्रत्यक्षात यावयास साठ वर्षे का लागली, आणि आता रस्ता झाला तो कोणाच्या कामी आला, हे आपणांस क्रमाने पाहावयाचे आहे.

आपला प्रदेश पूर्वी आडवाटेला होता, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. नागोठण्याचा जुना दगडी पूल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. चौलच्या काजी अलाउद्दीनाने तो १५८० च्या सुमारास बांधला, असे परंपरा सांगते. तो काळ अहमदनगरच्या निजामशाहीचा. चौल हे त्या वेळी मोठे बंदर होते आणि तेथून घाटाकडे जाणारा माल अंबा नदी ओलांडल्यावाचून पुढे सरकत नसे. कोणा व्यापारी गावच्या काजीने एवढा खर्च करून दुसऱ्या गावच्या नदीवर पूल बांधावा, यावरूनच त्या वाटेचे महत्त्व ध्यानात येते. इंग्रजी अमदानीतही मुंबईहून महाबळेश्वरास जाणारे लोक पडावाने वा आगबोटीने नागोठण्यास उतरत आणि तेथून महाड-पोलादपूरच्या वाटेने घाट चढत. म्हणजे मुंबईचे दार आपल्याकडे उघडत होते ते समुद्राच्या बाजूने. धरमतरची खाडी हा आमचा त्या काळचा राजमार्ग होता.

परंतु समुद्राची वाट ही वाऱ्यापावसाच्या मर्जीवर चालणारी वाट. १७ जुलै १९४७ हा दिवस रायगड जिल्ह्यातील जुनी कुटुंबे अद्याप विसरलेली नाहीत. आषाढी अमावास्येच्या त्या सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते आणि अलिबाग-पेणच्या बाजूची घरेच्या घरे सुतकात होती. खाडीपलीकडे जाण्यासाठी पक्का रस्ता हवा, ही मागणी पुढे विद्वानांच्या अहवालांत उतरली खरी. पण तिच्यामागे असल्या आठवणी होत्या, हे आपण विसरू नये.

जमिनीची वाट मात्र फेऱ्याची होती. मुंबई हे बेट. त्याच्या पूर्वेला बंदर आणि ठाण्याची खाडी. मुंबईहून पनवेलला जावयाचे तर उत्तरेस ठाण्यापर्यंत चढावे, खाडी ओलांडून मुंब्रा-शिळच्या बाजूने पुन्हा दक्षिणेस उतरावे, आणि मग पनवेल, कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ असा प्रवास करावा. समोर दिसणाऱ्या शेजाऱ्याच्या घरी जाण्यासाठी सबंध गावाला प्रदक्षिणा घालावी, तसा हा प्रकार होता.

आता आपण १९६२-६३ या वर्षांकडे येऊ. १९६१ च्या शिरगणतीत बृहन्मुंबईची वस्ती साडेएकेचाळीस लाखांवर गेली होती. दहा वर्षांपूर्वी ती तीस लाखांच्या आत होती. कचेऱ्या सर्व दक्षिण टोकाला, राहणारी माणसे उत्तरेला आणि मधला रस्ता तोच. अशा वेळी विल्बर स्मिथ या अमेरिकन कंपनीकडे शहराच्या वाहतुकीचा अभ्यास सोपविण्यात आला. तिने जो आराखडा दिला त्यात मुंबईसाठी मुक्तमार्गांचे जाळे सुचविले होते आणि बंदर ओलांडून पूर्वेच्या मुख्य भूमीकडे जाणाऱ्या पुलाची कल्पनाही त्यातच होती. आज ज्याला आपण अटल सेतू म्हणतो त्याचा जन्म कागदावर असा १९६३ साली झाला.

मुक्तमार्ग म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट केले पाहिजे. कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. आपला नेहमीचा रस्ता सर्वांचा असतो. त्यावर बैलगाडी येते, सायकल येते, शाळेची मुले तो ओलांडतात, कडेला वडापावची गाडी उभी राहते, आणि दर फर्लांगावर एखादी गल्ली त्याला येऊन मिळते. मुक्तमार्गावर यांपैकी काहीच नसते. त्यावर चढावयाचे ते ठरलेल्या ठिकाणी आणि उतरावयाचे तेही ठरलेल्या ठिकाणी. आडवा रस्ता आला तर तो खालून वा वरून जातो. चौक नाही आणि दिवाही नाही. इटलीत पिएरो पुरिचेल्ली या इंजिनिअरने मिलानहून सरोवरांकडे जाणारा असा रस्ता बांधला व तो १९२४ साली खुला झाला. जर्मनीत कोलोन ते बॉन हा मार्ग १९३२ साली झाला. आपल्या राज्यात या जातीचा पहिला मोठा रस्ता म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा सहापदरी काँक्रीटचा रस्ता २००२ मध्ये पूर्णपणे सुरू झाला. त्याची पनवेल-खालापूरची लांबी आपल्याच जिल्ह्यातून जाते.

अशा मार्गाचा गुण आणि दोष एकाच गोष्टीतून निघतो. वाटेत कोणी चढत नाही, म्हणून तो वेगवान असतो. आणि वाटेत कोणास चढता येत नाही, म्हणून ज्याच्या शेतावरून तो जातो त्याला तो बहुधा निरुपयोगी असतो. द्रुतगती मार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पुण्याची मोटार दिसते, पण ती त्याच्यासाठी थांबत नाही. इंजिनिअराच्या लेखी ही नकाशाची बाब; गावकऱ्याच्या लेखी ती न्यायाची बाब. या दोन दृष्टींचा मेळ घालणे हे राज्यकर्त्यांचे काम असते.

१९६३ ची ही कल्पना मागे का पडली? एकतर समुद्रावरून वीस-बावीस किलोमीटरचा पूल बांधण्याइतका पैसा त्या काळी राज्यापाशी नव्हता. दुसरे असे की, थोड्याच दिवसांत निराळी आणि अधिक मोठी कल्पना पुढे आली. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून असे मांडले की, मुंबईचा विस्तार उत्तरेकडे ओढीत नेण्याऐवजी बंदरापलीकडे नवे शहरच वसवावे. त्यातून १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण या बाजूंची ९५ गावे त्या शहरासाठी घेण्याचे ठरले. खाडीवर पूल झाला तो मात्र अरुंद जागी, वाशीजवळ, १९७३ साली. पाणी जेथे कमी तेथे खर्च कमी, हा हिशेब सरळ होता. पण पुलाच्या तोंडाशी शहर वाढते, हा इतिहासाचा नियम. त्यामुळे वस्ती वाशी-नेरुळ-बेलापूरच्या अंगाने वाढली, आणि शिवडीसमोरचे न्हावा, शेवा, उलवे, जासई हे गाव समोर मुंबईचे दिवे पाहत तसेच राहिले. पेण-रोह्यापुरते बोलावयाचे तर वाशीच्या पुलाने ठाण्याची प्रदक्षिणा चुकली, एवढा लाभ निश्चित झाला.

त्या पुलाने आणखी एक धडा दिला. खाऱ्या हवेने त्याच्या पोटातील ताणलेल्या पोलादी तारांना गंज चढला. अवघ्या काही वर्षांत डागडुजी सुरू झाली, आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल उभारावा लागला. समुद्रावर बांधावयाचे तर पहिला शत्रू भार नव्हे, मीठ आहे, हे आमच्या इंजिनिअरांनी येथे शिकून घेतले.

आता मी आपणांस रस्त्याच्या कथेतून थोडे बाजूला नेतो. पण ते बाजूला नाही, हे लवकरच दिसून येईल. नव्या शहरासाठी आणि बंदरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आगरी, कोळी, कुणबी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभारला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई व नवघरच्या परिसरात पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच आंदोलक हुतात्मे झाले. ही भूमी अशा प्रसंगांना नवी नव्हती. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहात याच मातीत रक्त सांडले होते. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मार्गदर्शनाखाली १९३३ पासून सहा वर्षे खोतांविरुद्ध संप चालविला होता. जासईच्या बलिदानातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व १९९० साली मान्य झाले. जमीन घेणे म्हणजे नुसता सौदा नसून जमीन देणाऱ्याचा होणाऱ्या वाढीत वाटा असतो, हा विचार येथून सुरू झाला. आज सेतूवरून येणारी मोटार जमिनीवर उतरते त्यांपैकी एक ठिकाण जासई आहे. तेथून जाताना ही गोष्ट किती जणांच्या मनात येत असेल?

न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि मागे पडलेल्या पुलाची आठवण पुन्हा निघू लागली. मग आले २००८ साल. त्या वर्षी सेतूसाठी निविदा मागविल्या तेव्हा मोठा चमत्कारिक प्रकार घडला. बांधणाराने स्वतःच्या पैशाने पूल बांधावा आणि काही वर्षे पथकर घेऊन तो फेडावा, अशी योजना होती. एका निविदाकाराने नऊ वर्षे अकरा महिन्यांत हे साधेल असे सांगितले. दुसऱ्याने पंचाहत्तर वर्षे मागितली. एकाच पुलाच्या दोन हिशेबांत पासष्ट वर्षांचे अंतर पडावे, याचा अर्थ त्यावरून किती वाहने जातील हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या निविदा रद्द झाल्या. २०१३ मध्ये पुन्हा निविदा निघाल्या तेव्हा तर एकही आली नाही.

त्याच २००८ सालात आपल्या पेण तालुक्यात दुसरी एक घटना घडली. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांची जमीन घेण्याचा बेत होता. शेतकऱ्यांनी विरोध केला आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने त्या गावांचा कौल घेतला. शेतात मतदान करून जमीन द्यावयाची की नाही हे सांगण्याची संधी आपल्या देशात फार थोड्यांना मिळाली आहे. कौल मोठ्या प्रमाणात विरोधात गेल्याच्या बातम्या आल्या आणि ते क्षेत्र पुढे उभे राहिले नाही. एकीकडे भांडवलदारांना पुलाचा हिशेब जमत नव्हता, तर दुसरीकडे शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा हिशेब अचूक कळत होता, असे त्या वर्षाचे वर्णन करता येईल.

दरम्यान मुंबईच्या बाजूचा दुवा तयार झाला. जून २०१३ मध्ये पूर्व मुक्तमार्गाचा पहिला मोठा टप्पा खुला झाला, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये उरलेला भाग घाटकोपरपर्यंत जोडला गेला. जवळजवळ सतरा किलोमीटरचा हा मार्ग बंदराच्या जमिनीवरून उंच खांबांवर जातो आणि अणुशक्तीनगरच्या बाजूला डोंगरातून बोगद्याने पार होतो. १९६३ च्या कागदावरील एक रेघ अशी पन्नास वर्षांनी काँक्रीटची झाली. शिवडीचा सेतू याच मार्गाला येऊन मिळावयाचा होता.

खाजगी भांडवल येईना, तेव्हा सरकारने मार्ग बदलला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने जपानच्या जायका या संस्थेचे कर्ज घेतले. पायाभरणी २४ डिसेंबर २०१६ रोजी झाली, आणि प्रत्यक्ष काम २०१८ मध्ये सुरू झाले. एकूण लांबी सुमारे २१.८ किलोमीटर, त्यापैकी साडेसोळा किलोमीटर पाण्यावर. येणाऱ्या व जाणाऱ्या वाहनांसाठी तीन-तीन पदर. शिवाय बंद पडलेल्या गाडीसाठी कडेची राखीव मार्गिका.

या रचनेतील दोन-तीन गोष्टी सामान्य नागरिकानेही समजून घेण्यासारख्या आहेत. पुलाचा बराचसा भाग काँक्रीटच्या तयार तुकड्यांचा आहे. किनाऱ्यावर साच्यात ओतून ते नंतर जागेवर नेऊन एकमेकांस जोडले. परंतु जेथून जहाजे जातात तेथे खांब जवळजवळ ठेवता येत नाहीत, आणि लांब अंतरावर काँक्रीटचे वजन त्यालाच पेलत नाही. म्हणून तेथे पोलादी पेटीचे गाळे घातले. त्यांतील सर्वांत लांब गाळा १८० मीटरचा. त्यांचा पृष्ठभाग आणि त्याखालच्या पट्ट्या मिळून एकजीव झालेल्या असतात, त्यामुळे वजन कमी आणि ताकद अधिक. भारतात एवढ्या प्रमाणावर ही पद्धत प्रथमच वापरली गेली.

दुसरी गोष्ट रोहित पक्ष्यांची. शिवडीच्या चिखलपट्टीवर दर हिवाळ्यात हजारोंनी रोहित उतरतात, आणि पूल नेमका त्यांच्या अंगणातून निघतो. म्हणून त्या भागात आवाज अडविणारे पडदे उभारले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बाजूने दृष्टी अडविणारे पडदे आहेत. तेथील कारण निराळे, ते आपण समजू शकता. तिसरी गोष्ट मिठाची. वाशीचा धडा ध्यानी ठेवून हा सेतू शंभर वर्षे टिकेल अशा बेताने आखला आहे. तो खरा ठरतो की नाही, हे पाहणारे श्रोते अद्याप जन्मावयाचे आहेत.

१२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सेतूचे उद्घाटन झाले. शिवडी ते चिर्ले हे अंतर आता वीस मिनिटांच्या आसपास कापता येते. मोटारीला एका फेरीचा पथकर २५० रुपये ठरला. मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांना मात्र मज्जाव आहे.

या मज्जावाची कारणे समजण्यासारखी आहेत. ताशी शंभर किलोमीटरच्या धावपट्टीवर समुद्राचा वारा सुटला असता दुचाकी धोक्यात येते, हे खरे. परंतु निडीचा, कासूचा वा हमरापूरचा तरुण कामाला जातो तो बहुधा दुचाकीवर. पेणचा मूर्तिकार गणपती पाठवितो तो टेम्पोने. त्याच्यासाठी सेतू खुला आहे, पण पथकर मूर्तीच्या किमतीत चढतो. २०२४ मध्येच एस.टी.ची शिवनेरी आणि बेस्टची बस या मार्गाने धावू लागली, हे योग्यच झाले. ज्या रस्त्यावर बस धावते तो रस्ता सर्वांचा. नाहीतर तो मोटार बाळगणाऱ्यांचा. पेण-रोह्याकडच्या साध्या लाल गाडीला या सेतूवर भरपूर फेऱ्या मिळाव्यात, ही मागणी आपण सर्वांनी केली पाहिजे.

शिवाय चिर्ल्याला उतरल्यावर पुढे काय? पुढे आपला मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. कर्नाळ्याचे अभयारण्य, भूसंपादन, ठेकेदारांच्या अडचणी अशी कारणे निघत गेली आणि वर्षांमागून वर्षे आपण धूळ, खड्डे व वळणरस्ते यांतून गेलो. सेतू सहा वर्षांत समुद्रावर उभा राहतो, आणि त्याच जिल्ह्यात जमिनीवरच्या रस्त्याला त्याच्या दुप्पट काळ पुरत नाही! २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच जागी १६५ दिवसांत नवा पूल बांधून ५ जून २०१७ रोजी तो खुला करण्यात आला. म्हणजे आमच्यापाशी कौशल्य नव्हते असे नाही, पैसा नव्हता असेही नाही. जे १६५ दिवसांत करता आले ते दुर्घटनेपूर्वी का करता आले नाही, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

आता पुढील अध्याय सुरू झाला आहे. २०२४ साली उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावे मिळून कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर करण्याचे सरकारने जाहीर केले. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणू लागले आहेत. पुलाच्या तोंडाशी शहर वाढते, हा वाशीचा नियम चिर्ल्यालाही लागू पडतो आहे. फरक एवढाच की, १९७० च्या गावकऱ्यांपाशी अनुभव नव्हता. आजच्या गावकऱ्यांपाशी जासईचा, साडेबारा टक्क्यांचा आणि २००८ च्या कौलाचा अनुभव आहे. तो उपयोगात आणला तर नव्या शहरात आपण भागीदार होऊ. न आणला तर चौकीदार होऊ.

म्हणून शेवटी मी पुन्हा निडीच्या फलाटावर येतो. रोह्यापर्यंत रेल्वे आली १९८६ साली, सेतू आला २०२४ साली. तेथे उभा असलेला माणूस मुंबईच्या जवळ आला का, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. तो किलोमीटरांत जवळ आला. तासांत थोडा जवळ आला. त्याच्या मुलीला रोज सकाळी बसने मुंबईच्या महाविद्यालयात जाऊन अंधार पडण्यापूर्वी घरी येता आले, त्याच्या आजारी बापाला अर्ध्या रात्री न थांबता रुग्णालयात पोहोचविता आले, आणि रस्त्यासाठी दिलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या गावात त्याचेही एक घर राहिले, म्हणजे तो खरा जवळ आला असे आपण म्हणू. रस्त्याच्या उद्घाटनाची एक तारीख सरकार लिहिते. दुसरी तारीख आपण, पेण-रोह्याच्या नागरिकांनी, लिहावयाची आहे.